तेरावी डबी

फोन वाजला तेव्हा डबीवाली कचेरीच्या मागच्या खोलीत पाकिटांवर पत्ते चिकटवत होती. पलीकडे प्रयोगशाळेतले काका. हे काका मुलखाचे अबोल. निकाल पाकिटात घालायचा, पाठवायचा आणि गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. ते आपणहून फोन करतात म्हणजे काहीतरी शिजलंय, हे तिला 'हॅलो' म्हणायच्या आधीच कळलं.

"ताई, तुमची कोरी डबी कुठे असते?"

"कपाटात. का हो?"

"कपाटात ठेवता की विहिरीच्या तळाशी? सोळाशे चाळीस आलेत."

हातातला पत्ता पाकिटाऐवजी तिच्या अंगठ्यालाच चिकटून बसला होता.

"दोनदा मोजलं मी," काका म्हणाले. "उद्या बारापर्यंत खुलासा पाठवा. कोरी बिघडली की बाकीची बारा घरंही आम्हाला धरता येत नाहीत, ठाऊकच आहे तुम्हाला. पुन्हा तीन महिने मोजणी. पण एक सांगू? कधीकधी कारखान्यातूनच खराब डबी येते. 'डबी सदोष', दोन शब्द लिहा. बाराही घरं पास करतो मी. नसती भानगड कशाला?"

"बरं."

"आवाज का बसलाय?"

"सर्दी झालीय."

सर्दीबिर्दी काही नव्हती. तेरावी डबी कपाटात नव्हतीच. तीन महिने ती तिच्या थोरल्या भावाच्या तळघरात, त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, खिळ्याला लटकत होती. आणि तो खिळा तिनेच ठोकला होता.

डबी म्हणजे काय, तर बुटाच्या पॉलिशची असते तेवढी काळी प्लास्टिकची चकती. आत नखाएवढा एक पारदर्शक तुकडा. जमिनीच्या पोटातल्या खडकांतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. उघड्यावर आला की वाऱ्यावर विरून जातो, पण फरशीच्या फटीतून बंद खोलीत शिरला की तिथेच मुक्काम ठोकतो. रंग नाही, वास नाही, डोळ्यांची आग नाही. माणूस तो वर्षानुवर्षं छातीत भरून घेतो आणि एक दिवस डॉक्टर विचारतात, विडी-सिगारेट किती ओढता? तो म्हणतो, आयुष्यात शिवलो नाही. डबीतल्या त्या तुकड्यावर या वायूचे बारीक ओरखडे उठतात, आणि काका ते भिंगाखाली मोजतात. तीनशेपर्यंत चालतं. तीनशेच्या वर गेलं तर दुरुस्ती करा. हजाराच्या वर गेलं तर खोली त्याच दिवशी बंद, दाराला कचेरीची पट्टी. असा नियम होता, आणि हवेचा दाखला असल्याशिवाय गावात घर विकता येत नव्हतं की भाड्याने देता येत नव्हतं.

बारा घरांना बारा डब्या, आणि तेरावी कोरी. ती पाकिटातून बाहेर काढायचीच नाही. ती शून्याच्या आसपास आली म्हणजे बाकीच्या बारांनी वाटेत कुठे शेण खाल्लेलं नाही, एवढी खात्री.

डबीवाली आधी नऊ वर्षं पाण्याचे मीटर वाचायची. जिन्याखाली, मोरीमागे, तळघराच्या कोपऱ्यात वाकून वाकून तिची पाठ कायमची थोडी पुढे आली. हवेचा नियम आला तेव्हा कचेरीतल्या मॅडम म्हणाल्या, "हिला द्या हे काम. हिला तळघरांची सवय आहे." तेव्हापासून गावाने तिचं मूळ नाव टाकूनच दिलं. लहान पोरं अंगणातून ओरडायची, "आई, डबीवाली आली!" आणि आत आई म्हणायची, "आली वाटतं साडेसाती."

लोकांनी तिला काय काय दाखवलं नाही? एका प्राध्यापकांनी डबी तीन महिने गच्चीत टांगली. वर "हवाच मोजायची ना?" म्हणून तिच्याशीच वाद घातला. एका आजीबाईंनी ती हरवू नये म्हणून बिस्किटांच्या डब्यात घालून, झाकण लावून, वर दोरा बांधून ठेवली. घर विकायला काढलेल्या एका गृहस्थांनी भर थंडीत सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकल्या आणि बायकापोरं कोट घालून जेवायला बसली. तेव्हापासून ती खिडक्यांच्या सांध्यांवर कागदाची पट्टी डकवायची आणि पट्टीवर आडवी सही ठोकायची. खिडकी उघडली की सही फाटलीच. लबाडी तिला दारातूनच दिसायची. तिच्या हाताखाली शिकायला आलेल्यांना ती सांगायची, "घर काय बोलतं ते ऐका, घरवाला काय बोलतो ते नंतर."

आणि तरी तिचा स्वतःचा पाय घसरला. तोही लबाडीत नाही, सवयीत.

पूर्वी नियम असा होता की ज्या सर्वांत खालच्या खोलीत माणूस झोपतो तिथे डबी लावायची. तीन वर्षांपूर्वी तो बदलला. ज्या सर्वांत खालच्या खोलीत माणूस रोज चार तास घालवतो तिथे लावायची, मग तो झोपू दे, बसू दे, नाहीतर उभा राहून कपड्यांना इस्त्री करू दे. नवा फॉर्म छापून आला. डबीवालीने तो वाचला, सही केली, आणि दारात उभी राहून पहिल्यासारखंच विचारत राहिली, "खाली कोणी झोपतं का हो?" हा प्रश्न लोकांना चटकन कळायचा. लोक म्हणायचे "नाही", आणि ती डबी वरच्या खोलीत लावून दहा मिनिटांत बाहेर पडायची. बाकीच्यांना एका घराला अर्धा तास लागायचा. तिला आपल्या वेगाचं मोठं कौतुक होतं.

मग बाहेरगावच्या एक बाई शिकवायला आल्या. प्रत्येकाला म्हणाल्या, "मी घरवाली, तुम्ही मोजणीवाले. विचारा मला." डबीवालीने विचारलं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आणि तुमच्या गावात खाली बसून काम करणारे कोणीच नाहीत का?"

सगळे हसले. डबीवालीही हसली. हसता हसता तिला अकरा पायऱ्या दिसल्या, खाली पिवळा दिवा, आणि दिव्याखाली पुस्तकावर वाकलेला दादा.

दादा पुस्तकं बांधायचा. वडील लवकर गेले, तेव्हा हा सतरा वर्षांचा आणि ती सहा वर्षांची. छापखान्यातली उरलेली कागदाची कात्रणं आणून तो तिला वह्या शिवून द्यायचा. एका वहीत चार रंगांची पानं. वर्गातल्या मुली हेवा करायच्या. तो तिला अजूनही 'बारके' म्हणायचा, तिचे केस पांढरे झाले तरी. त्याच्या घराला तिनेच दाखला दिला होता. डबी वरच्या झोपायच्या खोलीत, अंक नव्वद. "उत्तम," असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. फॉर्म भरताना तिने वहिनीला विचारलंही होतं, खाली कोणी झोपतं का. वहिनी "नाही" म्हणाली होती. आणि प्रश्न विचारत होती तेव्हा दादा खाली हातोडीने पुस्तकाची पाठ ठोकत होता, तो आवाज दोघींनाही ऐकू येत होता.

एकदा दाखला झाला की पाच वर्षं त्या पत्त्यावर दुसरी डबी चढत नाही, कचेरीतला संगणकच घेत नाही. बिनपत्त्याची डबी एकच, कोरी. तिने तिचं पाकीट फोडलं. दादाला म्हणाली, ओल तपासायचीय. सांगायला हवं होतं कचेरीत, त्याच दिवशी. पण जीभ रेटेना. ऐंशी-नव्वद आले तर कुणाला काही सांगायची गरजच नाही, असं मनाशी म्हणत तिने तीन महिने काढले.

आता सोळाशे चाळीस.

दुपारी ती दादाकडे गेली. वहिनी ओट्यापाशी भांडी विसळत होती. "या वन्सं," ती म्हणाली, "आज वाट वाकडी कशी केलीत?" तिच्या प्रत्येक 'वन्सं'मध्ये चिमूटभर तिखट असतंच. डबीवालीने चपला काढल्या आणि काही न बोलता खाली उतरली.

तळघरात सरसाचा वास आणि तीच ती दबलेली ऊब. डाव्या हाताला लोखंडी दाबयंत्र, उजव्या हाताला कागद कापायचं भलंमोठं यंत्र, मधल्या मेजावर शाळेच्या शब्दकोशांचे ढीग. चारशे प्रती. शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. वर छताजवळ एक खिडकी होती, वीतभर उंचीची, आणि ती दादाने चिंध्या कोंबून वर चिकटपट्टीचे तीन थर देऊन बुजवली होती. वारा आला की सरसावर साय धरते आणि पानांच्या कडा वळतात. "वारा हा बांधणीचा वैरी," असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. आख्ख्या गावात तिने खिडक्या बंद ठेवा म्हणून पट्ट्या मारल्या; इथे पट्टी मारायची गरजच नव्हती.

"ओलीचा निकाल आला का?" दादाने मान वर न करता विचारलं.

"ओल नव्हती तपासत मी."

"मग?"

तिने सांगितलं. एका दमात. दादाने सुई पुस्तकात तशीच खुपसून ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सोळाशे म्हणजे जास्त?"

"तीनशेच्या वर गेलं तरी आम्ही लोकांना नोटिसा देतो, दादा."

"कुठून येईल? फरशी बघ. दगडासारखी घट्ट आहे."

तिने मेजावरून पुस्तकाच्या आत घालतात त्या झिरझिरीत कागदाची एक लांब पट्टी फाडली. भिंतीच्या कडेने, कोपऱ्यांतून, मोरीच्या जाळीवरून ती गुडघ्यांवर सरकत गेली. पट्टी गपगार. मग ती कापायच्या यंत्रापाशी आली. अकरा वर्षांपूर्वी ते यंत्र आणलं तेव्हा हलू नये म्हणून दादाने फरशी फोडून चार जाड बोल्ट खाली मातीपर्यंत उतरवले होते. तीन बोल्टांपाशी पट्टी गप्प राहिली. चौथ्यापाशी तिचं टोक उचललं गेलं आणि थरथरायला लागलं. कुणीतरी खालून हळू फुंकर घालावी तसं.

दोघंही त्या टोकाकडे बघत राहिली. दादाचं स्टूल तिथून दोन पावलांवर होतं.

"कागद हलला म्हणून माणूस मरतो होय?" दादा म्हणाला. पण आवाज त्याचा नव्हता.

"वर चल."

"बारके, चारशे पुस्तकं आहेत."

"वर चल म्हणते ना!"

वर वहिनी पदराला हात पुसत जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं हा माणूस दिवसाचे दहा तास तिथे बसतोय. आणि दुपारचा तासभर तिथेच लवंडतो, कागदाच्या गठ्ठ्यांवर."

डबीवाली तिच्याकडे वळली. "झोपतो? खाली? वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुम्ही रात्रीचं विचारलंत असं वाटलं मला. डुलकीला कोणी झोप म्हणतं का?" वहिनीचं तोंड थांबत नव्हतं. "आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं तो कुठे बसतो ते? सगळ्या गावच्या तळघरांत नाक खुपसता, सख्ख्या भावाचं तळघर तेवढं दिसलं नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

डबीवाली खुर्चीवर बसली.

"आता काय करायचं?" दादाने विचारलं.

"उद्या बाराच्या आत कचेरीत सांगायचं. खोली उद्याच बंद होईल. मग चौथ्या बोल्टाची फट बुजवायची, फरशीखालून एक नळ काढून छपरावर न्यायचा, त्याला पंखा लावायचा, म्हणजे तो वायू खोलीत न येता परस्पर वर जातो. माणसांची रांग आहे. दोन महिने धर."

"दोन महिने! शाळा तीन आठवड्यांनी उघडते."

"दादा, छातीचं बोलतेय मी, तू पुस्तकांचं काय घेऊन बसलायस?"

"थांब जरा." तो समोर बसला. गिऱ्हाइकाशी बोलताना काढायचा तो समजूतदार आवाज त्याने काढला. "ते काका काय म्हणाले? दोन शब्द लिही म्हणाले ना? मग लिही. डबी खराब होती. मी उद्यापासून खिडकीच्या चिंध्या काढतो. बोल्टाच्या फटीत सिमेंट भरतो. दारही उघडं ठेवतो. पानं वळली तर वळली. शाळेची पुस्तकं गेली की तुझा तो नळ घालू, गपचूप. नियमात काय होतं, नियमाबाहेरही तेच होतं की."

हे ऐकायला किती बरं वाटत होतं. तेवढ्यानेच तिला धडकी भरली. दादा जे म्हणत होता ते ती सकाळपासून मनातल्या मनात शंभर वेळा म्हणून बसली होती.

"तुझं होईल," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय?"

"कोण बाकीचे?"

"तीन वर्षं मी सगळ्यांना हेच विचारलं, दादा. खाली कोणी झोपतं का. ज्यांनी 'नाही' म्हटलं, त्या सगळ्यांना वरच्या खोलीचा दाखला दिला. त्यांतले किती जण खाली बसून काम करतात, मला माहीत नाही. विचारलंच नाही मी. चार गल्ल्या सोडून तो घड्याळजी आहे. शिकवण्या घेणाऱ्या बाई आहेत, त्यांच्याकडे पंधरा-पंधरा मुलं असतात तळघरात."

वहिनीने नळ बंद केला. इतका वेळ तो वाहत होता हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"हे कचेरीत कळलं तर तुझं काय होईल?" दादाने विचारलं.

"कोरी डबी फोडली. लपवून ठेवलं. तीन वर्षांचे दाखले चुकले. काय होईल ते तूच सांग."

दादा उठला. खिडकीपाशी गेला, परत आला. त्याचा समजूतदार आवाज संपला होता.

"ऐक. मी साठी ओलांडलीय. जे छातीत जायचं ते अकरा वर्षांत गेलं. ते तू लिहून बाहेर निघणार आहे का? नाही. पण तुझी नोकरी जाईल ती जाईल. तुला कोण आहे दुसरं? म्हातारपणी काय खाणार, डब्या?"

"दादा..."

"लिहायचं नाही. मी तुला एवढीशी असल्यापासून वाढवलंय, कधी काही मागितलं नाही. आज मागतोय. आणि लिहिलंस तर या घराची पायरी चढायची नाही. सांगून ठेवतो."

"शुद्धीवर आहात का?" वहिनी फिस्कारली. "लिहा हो वन्सं, खुशाल लिहा. हा म्हातारा खाली गेला तर मी जिन्याला कुलूप घालीन."

"तू मध्ये पडू नकोस!"

"मी मध्येच आहे! विधवा कोण होणार, ती का मी?"

दादा अकरा पायऱ्या उतरून खाली गेला. थोड्या वेळाने हातोडीचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात. डबीवालीने चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ती कचेरीत होती. खुलाशाच्या फॉर्मवर पाच ओळींची जागा होती. 'डबी सदोष' त्यात सहज मावलं असतं. काकांच्या शाळकरी अक्षरातली चिठ्ठी फॉर्मला टाचलेली होती: "ताई, दोनच शब्द." तिने पेन उघडलं, बंद केलं. घड्याळाकडे बघितलं. साडेनऊ. बाहेर कोणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं. तिने दाखल्यांची जुनी बाडं ओढली आणि पान उलटत गेली. 'तळघर आहे. झोपण्यासाठी वापर नाही.' तेच वाक्य, तिचंच वळणदार अक्षर. पुन्हा तेच. पुन्हा. ती बोटांवर मोजू लागली, मग कागदावर रेघा मारू लागली. साडेअकराला ती थांबली. एकशे चौऱ्याऐंशी. फॉर्मवर पाच ओळी पुरल्या नाहीत म्हणून तिने मागे लिहिलं, मग आणखी एक कोरा कागद जोडला.

मॅडमनी तो उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर दार लावलं.

"तुला कळतंय ना तू काय लिहिलंयस?"

"हो."

"तीन महिन्यांपूर्वी आली असतीस तर ही चूक होती. आज हा गुन्हा आहे. कोरी डबी फोडून तू बारा घरांची मोजणी घालवलीस. तुझ्या जोरावर मी वरच्यांना सांगत आले, आमच्याकडे सगळं चोख आहे." मॅडमचा आवाज चढत नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "आजपासून तुझ्या सहीला किंमत नाही. दाखला द्यायचा नाही. चौकशी लागेल. राहशील की जाशील, माझ्या हातात नाही."

"आणि ती घरं?"

"एकशे चौऱ्याऐंशी डब्या माझ्याकडे नाहीत. आणि आधी कुठल्या घरांत लागतात तेच माहीत नाही."

"मी विचारून येते. सही नको माझी. फक्त विचारते आणि यादी आणून देते."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "लोक शिव्या घालतील."

"त्या काय आजच्या आहेत?"

दादाच्या घरी पट्टी लावायला लांब्या निघाला. हा कचेरीतला दुसरा मोजणीवाला, साडेसहा फूट उंच, तळघरात शिरताना घडी घालून शिरायचा. नातेवाइकाच्या घरी नातेवाइकाने पट्टी लावायची नाही, असा नियम होता. डबीवाली त्याच्या मागे मागे गेली आणि फाटकापाशी थांबली. पायरी चढली नाही.

वहिनीने दार उघडलं. लांब्या आत गेला. थोड्या वेळाने खालून दादाचा आवाज आला, "दाबात तीस पुस्तकं आहेत! संध्याकाळी पाचच्या आधी काढली तर पुठ्ठे वाकतील!" मग लांब्याचा बारीक, लाजरा आवाज, "आजोबा, मला दाराला पट्टी लावायचीय. पाचपर्यंत तुम्हाला खाली ठेवलं तर माझी नोकरी जाईल. एकीची टांगणीला लागलीय तेवढी पुरे."

मग दाबयंत्राचं चाक फिरल्याचा कुरकुर आवाज आला. दादा दाब सोडत होता.

पहिला गठ्ठा घेऊन लांब्या वर आला, दुसरा घेऊन वहिनी. चारशे शब्दकोश म्हणजे काय ओझं असतं ते चौथ्या फेरीला कळलं. वहिनी धापा टाकत फाटकाशी आली आणि म्हणाली, "तिथे खांबासारख्या काय उभ्या राहिल्यात? पायरी मी पण चढते या घराची, माझ्या नावावर चढा."

डबीवाली आत गेली. खाली उतरायची परवानगी फक्त लांब्याला आणि घरच्या दोघांना. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहून गठ्ठे झेलू लागली. दादा प्रत्येक वेळी गठ्ठा तिच्या हातात ठेवायचा आणि नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे न्यायचा. जेवायच्या टेबलावर, पलंगावर, कपड्यांच्या दोरीखाली, सगळीकडे शब्दकोश. दाबातून आधी काढलेल्या तीस पुस्तकांचे पुठ्ठे खरोखरच वाकायला लागले होते. शेवटी सरसाचं भांडं वर आलं, मग सुया, मग लांब्याने दार ओढलं, पट्टी चिकटवली, त्यावर सही केली आणि वाकून वाकून निघून गेला.

घरात तिघंच उरली. दादा पुस्तकांच्या मधोमध खुर्चीवर बसला. वहिनीने तिन्ही खिडक्या उघडल्या. वाऱ्याने टेबलावरची पानं फडफडली तेव्हा दादाचे हात आपोआप पुढे गेले, आणि मग मांडीवर परत आले.

"तिला सांग," दादा वहिनीला म्हणाला, "मी तिच्याशी बोलत नाहीये."

"ऐकलं तिने. समोरच बसलीय."

"आणि तिला सांग, डॉक्टरबिक्टरकडे मी जाणार नाही. तिने कालपासून तो नंबर लिहून ठेवलेला दिसतोय फोनपाशी."

"तो मी लिहिलाय," वहिनी म्हणाली. "उद्या दहाची वेळ आहे. तिच्याशी बोलू नका, पण माझ्याबरोबर याल."

दादाने एक वाकलेला पुठ्ठा उचलला, उजेडात धरला आणि तळहाताने दाबून सरळ करायला लागला. तो सरळ होणार नव्हता हे त्याला ठाऊक होतं. तरी दाबत राहिला.

"विचार तिला, एकूण किती घरं निघाली."

"एकशे चौऱ्याऐंशी," डबीवालीने थेट उत्तर दिलं.

दादाने वहिनीकडे बघितलं, जणू तिनेच ते सांगितलं होतं.

"आणि त्यात तो घड्याळजी?"

"आहे."

"तो सकाळी सातला खाली उतरतो," दादा म्हणाला. पुठ्ठा त्याच्या हातात तसाच होता. "आत्ता साडेतीन वाजलेत. अजून खालीच असेल तो. मग ही इथे काय बसलीय, विचार तिला."

डबीवाली उठली. वहिनीने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला, तो तिने उभ्यानेच संपवला. चपला घालून, पिशवीतली यादी काढून ती पायऱ्या उतरली. घड्याळजीचं घर चार गल्ल्या दूर होतं. दुसऱ्या गल्लीपर्यंत ती चालत गेली, मग पाठ पुढे वाकलेली असतानाही पळायला लागली.